ज्युरी ड्युटीचं समन्स आलं तर काय करायचं: अमेरिकेतल्या नव्या मराठी नागरिकांसाठी

ज्युरी म्हणजे खटला ऐकून निकाल देण्यासाठी सामान्य नागरिकांतून निवडलेला गट, त्यातला प्रत्येकजण ज्युरर. त्यासाठी बोलावणारा कोर्टाचा लिफाफा टपालात आला की ओळखीपाळखीतून सल्ले सुरू होतात: 'असं लिही, म्हणजे सुटशील.' त्यातले काही कायदेशीर असतात, बरेचसे निरुपयोगी असतात आणि एक-दोन असे असतात की त्यापायी ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा अर्ज कायमचा अडकू शकतो. तारीख पुढे ढकलणं किंवा खऱ्या अडचणीसाठी सूट मागणं यात लाजण्यासारखं काही नाही, त्या सोयी तुमच्यासाठीच ठेवल्या आहेत. मात्र शपथेवर खोटं बोलून सुटणं आणि पूर्वग्रह लपवून ज्युरीच्या बाकावर बसणं, या दोन्ही गोष्टींची किंमत कठड्यात उभा असलेला तिसराच माणूस मोजतो. म्हणून खाली सुटण्याच्या वाटाही सांगितल्या आहेत आणि बसावं लागलं तर कसं बसायचं तेही.

नियम राज्याराज्यांत, कधी काउंटी-काउंटीत बदलतात. इथे फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाचे नियम आधार म्हणून घेतले आहेत आणि गरज पडेल तिथे राज्यांची उदाहरणं दिली आहेत. तुमच्या समन्सच्या मागच्या बाजूला छापलेला बारीक मजकूर तुमच्यापुरता शेवटचा शब्द समजा.

लिफाफा नीट वाचा

लिफाफे दोन प्रकारचे असतात. पहिल्यात नुसती पात्रता प्रश्नावली असते: तुम्ही नागरिक आहात का, वय किती, इंग्रजी येतं का, वगैरे. दुसऱ्यात प्रत्यक्ष समन्स, म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजता हजर राहा असा हुकूम असतो. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र येतात. फेडरल प्रश्नावली मिळाल्यापासून १० दिवसांत भरून परत करायची असते, बहुतेक कोर्टांत ती ऑनलाइनही भरता येते. पाठवणारं कोर्ट कोणतं तेही पाहा: अमेरिकेचं जिल्हा कोर्ट (U.S. District Court) असेल तर प्रकरण फेडरल, सुपीरियर किंवा काउंटी कोर्ट असेल तर राज्याचं. भत्ता, सूट, दंड, सगळं त्यावर ठरतं.

समन्स बहुधा साध्या टपालानंच येतं, त्यामुळे ते फेकून द्यायचा मोह होतो. 'मिळालंच नाही असं म्हणू' हा सल्ला फार जुना आहे आणि फार कच्चाही. उत्तर आलं नाही की कोर्ट दुसरी नोटीस पाठवतं, त्यानंतर कारण दाखवण्यासाठी समक्ष बोलावतं. फेडरल कायद्यात विनाकारण गैरहजर राहणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवा, किंवा यांतल्या एकाहून जास्त शिक्षा होऊ शकतात.

कोर्टाच्या नावानं फोन आला तर सावध राहा. 'तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डनं दंड भरा' असं सांगणारा माणूस भामटा असतो. कोर्ट फोनवर पैसे किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मागत नाही. फोन ठेवा, सरकारी संकेतस्थळावरून कोर्टाचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे विचारा. घरात आई-बाबा राहत असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. घाबरून पैसे भरणाऱ्यांत ज्येष्ठांची संख्या मोठी असते.

नागरिक नसाल तर

ज्युरीची नावं मतदार याद्यांमधून आणि बहुतेक राज्यांत वाहन परवान्याच्या नोंदींमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. परवाना एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांकडेही असतो, म्हणून समन्स त्यांच्याही घरी येतं. याचा अर्थ तुम्ही पात्र आहात असा होत नाही, आणि पत्राकडे दुर्लक्ष करावं असाही होत नाही. प्रश्नावलीत 'नागरिक नाही' या चौकटीत खूण करा, सही करा, मुदतीत परत पाठवा आणि आपल्यापाशी प्रत ठेवा. कोर्टानं पुरावा मागितला तर ग्रीन कार्डची किंवा व्हिसाची प्रत द्या.

चुकूनही 'नागरिक आहे' यावर खूण करू नका. सरकारी कागदावर नागरिकत्वाचा खोटा दावा करणं हा इमिग्रेशन कायद्यात अतिशय गंभीर मामला आहे, त्यातून माफीची वाट जवळपास नाही. पुढे नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरताना 'तुम्ही कधी स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवलंत का' हा प्रश्न समोर येतोच. काही जण चांगुलपणानं, 'बोलावलंय तर जाऊन येऊ' म्हणून जातात आणि घाईत चुकीच्या चौकटीवर खूण करतात. हेतू निर्मळ होता हे नंतर पटवून देणं फार अवघड जातं.

उलटी चूकही होते. नागरिक असून, सुटायला सोपं म्हणून 'नागरिक नाही' लिहिणं. ही खोटी सही आहे. काही राज्यांत अशी नावं मतदार नोंदणी कार्यालयाकडे जातात आणि मग मताधिकारावरच प्रश्नचिन्ह उभं राहतं.

अपात्रता, सूट आणि मुदतवाढ

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. अर्जात त्यांची सरमिसळ केली की अर्ज परत येतो.

अपात्र म्हणजे कायद्यानंच बसता न येणारा. फेडरल कोर्टासाठी तुम्ही नागरिक, किमान १८ वर्षांचे आणि त्या न्यायिक जिल्ह्यात किमान १ वर्ष राहिलेले असायला हवं. प्रश्नावली भरता येईल इतपत इंग्रजी वाचता, लिहिता आणि समजता यायला हवं. एक वर्षाहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा खटला चालू नसावा किंवा तसा दोष सिद्ध होऊन नागरी हक्क गेलेले नसावेत. कर्तव्यावर असलेले सैनिक, पोलीस आणि अग्निशमन दलातले पगारी कर्मचारी आणि पूर्णवेळ लोकपदावर असलेले अधिकारी यांना फेडरल ज्युरीत घेतच नाहीत.

इंग्रजीचा मुद्दा आपल्याकडे दोन्ही टोकांना चुकतो. मुलांकडे येऊन राहिलेल्या आणि पुढे नागरिक झालेल्या सत्तरीच्या आजींना कोर्टातलं इंग्रजी खरोखरच झेपत नसेल, तर तसं स्पष्ट लिहावं. त्यांना फॉर्म भरता येत नसेल तर मुलानं किंवा सुनेनं भरायला हरकत नाही, पण 'मी भरला, आणि या कारणासाठी भरला' हे फॉर्मवर नोंदवणं फेडरल कायद्यानं बंधनकारक आहे. दुसऱ्या टोकाला, ज्याच्या फॉर्मवर व्यवसाय 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' आणि शिक्षण 'एम.एस.' असं लिहिलंय, त्यानं 'इंग्रजी कळत नाही' म्हणू नये. न्यायाधीशांसमोर तोच फॉर्म असतो. उच्चार मराठी वळणाचे असणं हे अपात्रतेचं कारण नव्हे.

सूट ही पात्र असूनही मागता येते. वय ७० च्या पुढे असेल, गेल्या २ वर्षांत फेडरल ज्युरीत काम केलं असेल, स्वयंसेवक म्हणून अग्निशमन दलात किंवा रुग्णवाहिकेवर असाल, तर अनेक फेडरल कोर्टं मागितल्यावर सूट देतात. याशिवाय 'अवाजवी त्रास' हे कारण आहे: गंभीर आजार, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची एकहाती शुश्रूषा, रोजच्या कमाईवर चालणारं घर. इथे कागद बोलतात. 'मला पाठीचा त्रास आहे' एवढं पुरत नाही, 'सलग ४० मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही' असं डॉक्टरांच्या पत्रात असलं तर निर्णय लवकर होतो. पाळणाघराची सोय नसेल तर मुलांची वयं आणि दुसरा पालक कुठे कामाला आहे ते लिहा. 'कामाचा फार ताण आहे' हे कारण जवळपास नेहमी फेटाळलं जातं, कारण ते सगळ्यांचंच असतं.

मुदतवाढ ही सगळ्यात सोपी वाट, आणि नव्वद टक्के अडचणी तिच्यातच सुटण्यासारख्या असतात. भारताची तिकिटं काढलेली आहेत, परीक्षा आहे, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे: समन्स येताच तारीख बदलून मागा, तिकिटाची प्रत जोडा. पहिली मुदतवाढ बहुतेक ठिकाणी ऑनलाइन, फारसं न विचारता मिळते. दुसरीला ठोस कारण लागतं. नवी तारीख स्वतः सुचवा, नाहीतर कोर्ट देईल ती घ्यावी लागेल. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात नवे खटले साधारणपणे कमी उभे राहतात, हे तारीख निवडताना लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात अंगावर दूध पाजणाऱ्या आईला १ वर्षापर्यंत मुदत मिळते आणि गरज असेल तर ती वाढवताही येते. विद्यार्थ्यांनी सूट मागण्यापेक्षा सुट्टीतली तारीख मागावी.

अर्ज पाठवला म्हणजे मंजूर झाला असं नाही. लेखी उत्तर येईपर्यंत मूळ तारीख कायम असते. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे.

नोकरी आणि पैसा

फेडरल कोर्ट दिवसाला ५० डॉलर देतं. खटला १० दिवसांहून लांबला तर न्यायाधीशांच्या मर्जीनं ६० पर्यंत. कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टांत पहिल्या दिवसाचे काहीच नाहीत, दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले ३ दिवस मालकानं नेहमीचा पगार द्यायचा, पुढे राज्य रोज ५० देतं. या रकमा तुटपुंज्या आहेत, आणि तासावर काम करणाऱ्या माणसाला त्या खरोखर बोचतात. तुमची स्थिती अशी असेल तर ती आकड्यांसह सूटअर्जात लिहा.

ज्युरीवर गेल्याबद्दल मालक तुम्हाला काढू शकत नाही, धमकावू शकत नाही. फेडरल ज्युरीच्या बाबतीत असं करणाऱ्या मालकाला प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. मात्र त्या दिवसांचा पगार द्यावा असं फेडरल कायदा सरसकट सांगत नाही. महिन्याच्या ठरलेल्या पगारावर, ओव्हरटाइमविना काम करणाऱ्यांसाठी एक उपयोगी नियम आहे: त्या आठवड्यात तुम्ही थोडंजरी काम केलं असेल तर ज्युरीच्या गैरहजेरीबद्दल पगार कापता येत नाही, फार तर कोर्टाचा भत्ता वळता करता येतो. समन्स मिळाल्याच्या दिवशीच एचआरला त्याची प्रत पाठवा आणि कंपनीचं धोरण लेखी मागा. भत्ता हे करपात्र उत्पन्न आहे. तो कंपनीला परत दिलात तर विवरणपत्रात तेवढी वजावट घेता येते.

हजेरीचा दिवस

समन्सवर तुमचा ज्युरर क्रमांक आणि बऱ्याचदा गट क्रमांक असतो. आदल्या संध्याकाळी, सहसा ५ नंतर, कोर्टाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर तो तपासायचा. तुमचा गट बोलावलेला नसेल तर जायचं नाही. अनेक राज्यांत 'एक दिवस किंवा एक खटला' ही पद्धत आहे: पहिल्या दिवशी कुठल्याच खटल्यावर निवड झाली नाही तर तुमचं काम संपलं.

समन्स, फोटो ओळखपत्र, वाचायला काहीतरी, जेवणाचा डबा आणि अंगावर घ्यायला एक स्वेटर, एवढं बरोबर असू द्या. ज्युरीच्या खोल्या थंड असतात. सुरक्षा तपासणीत चाकू, कात्री अडकते. मोबाइलबद्दल फेडरल कोर्टं कडक असू शकतात, आधी वाचून जा. मग वाट पाहणं, बराच वेळ.

प्रश्नोत्तरं: सगळं वजन इथे आहे

कोर्टरूममध्ये बोलावून न्यायाधीश आणि वकील तुम्हाला शपथेवर प्रश्न विचारतात. याला 'व्हॉयर डायर' म्हणतात. तुमच्याबद्दल चौकशी करण्यात त्यांना रस नसतो. या खटल्यातल्या माणसांचं म्हणणं तुम्ही मोकळ्या मनानं ऐकू शकाल का, एवढंच त्यांना ठरवायचं असतं.

नावं दोन प्रकारे गळतात. कारणासह हरकत: हा माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही असं न्यायाधीशांना पटलं तर, याला मर्यादा नाही. आणि विनाकारण हरकत: वकील कारण न देता नाव वगळतो, याला मर्यादा आहे. फेडरल कोर्टात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात बचाव पक्षाला अशा १० आणि सरकारी पक्षाला ६ हरकती मिळतात, दिवाणी दाव्यात प्रत्येक बाजूला ३. वंशावरून असं वगळणं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये बॅटसन विरुद्ध केंटकी या निकालात बेकायदा ठरवलं, १९९४ मध्ये लिंगभेदावरूनही. ॲरिझोनानं तर २०२२ पासून विनाकारण हरकती बंदच केल्या. तुम्हाला वगळलं तर ते मनावर घेऊ नका, कारण कळणारही नाही.

आता उत्तरं कशी द्यायची. समजा दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आहे. न्यायाधीश विचारतात, 'तुमच्या जवळच्या कुणाला अशा अपघाताचा फटका बसलाय का?'

'हो. माझ्या आतेभावाचा पाय गेला.'

'त्यामुळे या खटल्यातला पुरावा तटस्थपणे ऐकणं तुम्हाला अवघड जाईल का?'

इथे प्रामाणिक उत्तरं तीन असू शकतात: नाही जाणार. जाईल. सांगता येत नाही. तिन्ही चालतात. तिसरं दिलंत तर खोदून विचारतील: 'पण न्यायाधीशांनी सांगितलेला कायदा तुम्ही पाळाल ना?' हुद्देदार माणसानं असं विचारलं की 'हो सर' म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. ती इथे सोडा. मनात शंका असेल तर 'प्रयत्न करीन, पण आतेभावाचा चेहरा डोळ्यांपुढे येईल' असं म्हणा. असं बोलून घरी पाठवलं गेलेल्या माणसानं आपलं काम चोख केलेलं असतं.

निःपक्षपाती म्हणजे कोरी पाटी असं मात्र नाही. १९६१ च्या अर्विन विरुद्ध डाउड या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्युररनं प्रकरणाबद्दल काहीच ऐकलेलं नसावं अशी अट नाही, मनातलं मत बाजूला ठेवून केवळ कोर्टातल्या पुराव्यावर निर्णय देता यायला हवा. म्हणून 'मी बातमी वाचली आहे' एवढ्यानं तुम्ही सुटत नाही, आणि अपात्रही ठरत नाही.

प्रश्न खासगी असेल, घरातल्या अत्याचाराचा, जुन्या गुन्ह्याचा, मानसिक आजाराचा, तर सगळ्यांसमोर उत्तर द्यायची गरज नाही. 'हे मला न्यायाधीशांशी बाजूला बोलायचं आहे' म्हणा. ही सोय वापरायला लोक संकोचतात आणि मग 'नाही' म्हणून टाकतात. ते खोटं ठरतं.

आपल्या समाजात काही कल मुळातच असतात, जायच्या आधी ते तपासून पाहावेत. पोलिसांनी पकडलं म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं वाटतं का? आरोपी साक्ष द्यायला उभा राहिला नाही तर त्यानं केलंय असं वाटतं का? अमेरिकेच्या घटनेनं गप्प राहण्याचा हक्क दिला आहे आणि ते गप्प राहणं पुरावा म्हणून वापरता येत नाही. घरात तीन डॉक्टर असताना डॉक्टरविरुद्धचा हलगर्जीपणाचा दावा तुम्ही समतोल ऐकाल का? नवरा-बायकोचं भांडण 'घरातलं' म्हणून सोडून द्यावंसं वाटतं का? पक्षकार महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचा असेल, साक्षीदाराच्या घरी गणपतीला जाऊन आला असाल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. आपली वस्ती छोटी असते, ओळख निघतेच.

आणि त्या प्रसिद्ध युक्त्या? 'सगळे आरोपी दोषीच असतात', 'अमुक वंशाच्या लोकांवर माझा विश्वास नाही' असं मुद्दाम म्हणायचं. न्यायाधीशांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं. ते उलटतपासणी करतात, दिवसभर बसवून ठेवतात, दुसऱ्या खटल्याकडे पाठवतात, आणि खोटेपणा उघड झाला तर कोर्टाचा अवमान लागू शकतो. यापेक्षा वाईट म्हणजे ते वाक्य बाकीचे उमेदवार ऐकतात. मग कधी कधी पूर्ण गटच बदलावा लागतो आणि जामीन न मिळालेला आरोपी आणखी काही आठवडे तुरुंगात बसतो.

उलट बाजूनं, निवड व्हावी म्हणून माहिती लपवणंही तितकंच घातक. महत्त्वाच्या प्रश्नाला ज्युररनं खोटं उत्तर दिलं आणि खरं उत्तर दिलं असतं तर त्याला कारणासह वगळता आलं असतं, असं सिद्ध झालं तर निकाल रद्द होऊन खटला पुन्हा चालू शकतो.

हे आपल्याला परकं नाही

ज्युरीचा विषय मराठी माणसानं फार जवळून पाहिला आहे. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ ज्युरर होते: ७ युरोपीय आणि २ पारशी. पुरावा काय, तर 'केसरी'तले मराठी लेख. ते ज्युरीपुढे आले इंग्रजी भाषांतरातून, आणि ही भाषांतरं मूळ अर्थ बिघडवतात हेच टिळक आपल्या भाषणात पुन्हा पुन्हा सांगत होते. निकाल ७ विरुद्ध २ असा दोषी ठरवणारा लागला, न्यायमूर्ती दावर यांनी तो मानला आणि ६ वर्षांची शिक्षा दिली. ज्याच्यावर खटला आहे त्याचं जगणं आणि त्याची भाषा ओळखणारी माणसं बाकावर नसली की काय होतं, ते इथे दिसतं. अमेरिकेतल्या ज्युरीत आपल्यासारख्या लोकांनी बसायला हवं ते याचसाठी.

दुसरं टोक १९५९ चं नानावटी प्रकरण, नौदलातल्या अधिकाऱ्यावरचा खुनाचा खटला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं कमांडर नानावटींच्या बाजूनं रान उठवलं होतं, शहरभर तोच विषय होता. ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल पुराव्याशी पूर्ण विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला होता असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. ज्युरी हटवण्याची शिफारस विधी आयोगानं १९५८ मध्येच केली होती, आणि ती पद्धत पूर्णपणे गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं. पारशी विवाहविषयक कोर्टात मात्र समाजातून नेमलेले प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसण्याची तरतूद पुढेही राहिली.

बाकावर बसल्यावर

निवड झाली की पहिला नियम: खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. बायकोशी नाही, व्हॉट्सॲप गटावर नाही, पुरावा संपून चर्चेच्या खोलीत जाईपर्यंत दुसऱ्या ज्युररशीही नाही. घरी एवढंच सांगा, 'खटल्यावर आहे, संपल्यावर बोलू.' गूगलवर आरोपीचं नाव, रस्त्याचा नकाशा, औषधाचे दुष्परिणाम, काहीही शोधू नका, घटनास्थळी जाऊ नका. इंजिनिअर आणि डॉक्टर इथे सगळ्यात जास्त घसरतात, कारण 'जरा तपासून पाहू' हा त्यांचा रोजचा शिरस्ता असतो. तुम्ही शोधलेल्या माहितीला उत्तर देण्याची संधी दुसऱ्या बाजूला मिळत नाही, हे त्यामागचं कारण. कुणी संपर्क साधला किंवा बातमी नकळत कानावर पडली तर लगेच बेलिफला (ज्युरीची व्यवस्था पाहणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याला) सांगा, लपवू नका.

साक्षीदार मराठी किंवा हिंदीत बोलत असेल आणि दुभाषा असेल, तर तुम्ही दुभाषानं सांगितलेलं इंग्रजीच पुरावा म्हणून धरायचं, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं मराठी नाही. हे अंगाला टोचतं. पण तसं नसेल तर बारापैकी एकाकडे वेगळाच पुरावा जमा होईल. भाषांतर चुकतंय असं वाटलं तर शेजारच्या ज्युररला सांगू नका, न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवा. हे पाळणं जमणार नसेल तर ते निवडीच्या वेळीच सांगायचं.

फौजदारी खटल्यात दोष 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध व्हावा लागतो, आणि ते ओझं पूर्णपणे सरकारी पक्षावर असतं. दिवाणी दाव्यात कोणती बाजू जास्त शक्य वाटते एवढंच पाहायचं. हा फरक चर्चेत सतत निसटतो. शिक्षा किती होईल याचा विचार साधारणपणे ज्युरीनं करायचा नसतो.

चर्चेच्या खोलीत शिरल्याबरोबर हात वर करून मतदान घेऊ नये, असा आमचा आग्रह आहे. एकदा मत जाहीर झालं की माणूस पुराव्यापेक्षा स्वतःच्या मताचं रक्षण करू लागतो. आधी आरोपातला एकेक घटक कागदावर मांडा आणि प्रत्येकासाठी कोणता पुरावा आला ते पाहा, मग मतदान. २०२० च्या रामोस विरुद्ध लुइझियाना निकालानंतर गंभीर गुन्ह्यांत एकमत सगळ्या राज्यांत आवश्यक आहे, त्याआधी लुइझियाना आणि ओरेगॉनमध्ये १० विरुद्ध २ चालत असे. दिवाणी दाव्यांचे नियम वेगळे: कॅलिफोर्नियात १२ पैकी ९ पुरतात. एकटे पडलात तर दुसऱ्यांचं ऐका, पटलं तर मत बदला. शुक्रवारची संध्याकाळ झाली म्हणून बदलू नका. एकमत झालंच नाही तर खटला नव्यानं चालू शकतो, तो अपराध तुमचा नाही.

खोलीत कुणी आरोपीच्या वंशावरून बोललं, 'हे लोक असेच असतात' म्हणालं, तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना चिठ्ठी द्या. चर्चेची गुप्तता अमेरिकी कायदा फार जपतो, तरी २०१७ च्या पेन्या-रॉड्रिग्ज विरुद्ध कोलोरॅडो निकालानं वांशिक पूर्वग्रह उघडपणे निकालाच्या मुळाशी असेल तर त्या गुप्ततेला अपवाद केला. निकालानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं सगळ्यांच्याच हिताचं.

तारीख चुकली तर, आणि काम संपल्यावर

तारीख विसरलात तर समन्सवरच्या ज्युरी कार्यालयाला त्याच दिवशी फोन करा, कारण सांगा, नवी तारीख घ्या आणि दुजोऱ्याचा ईमेल मागा. स्वतःहून फोन करणाऱ्याला बहुधा नुसती नवी तारीख मिळते. पत्ता बदलला असेल तर वाहन परवाना आणि मतदार नोंदणी दोन्हींत बदल करा, चुकलेल्या समन्सांपैकी बरीचशी जुन्या पत्त्यावर गेलेली असतात.

काम संपल्यावर कोर्टाकडून सेवेचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. एक प्रत एचआरला द्या, एक घरी ठेवा. ठरावीक काळात पुन्हा समन्स आलं तर तेवढा कागद पाठवून सूट मागता येते, हा काळ किती ते तुमचं राज्य ठरवतं. निकालानंतर खटल्याबद्दल बोलायचं की नाही ते तुमच्यावर आहे. वकील किंवा बातमीदार विचारायला आले तर 'नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि न्यायाधीशांनी वेगळा आदेश दिला असेल तर तो पाळायचा.